निकेलवरचे ठिपके

"तिचं पोट साफ झाल्याबिगर मी काई जेवाले येत नाई. तुम्ही घ्या जेवून."

अर्धवट उघड्या दारामागून हे वाक्य आलं तेव्हा मी फाईल छातीशी धरून कॉरिडॉरमध्ये उभी होते. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मला या खोलीत पाठवलं होतं. आतली बाई कुणाच्या तरी पोटाबद्दल इतक्या काळजीनं बोलत होती की मी दोन पावलं मागे सरले. वाटलं, चुकून सिकरूमपाशी आले. दाराशी स्टुलावर बसलेले शिपाईकाका माझ्याकडे बघून हसले.

"मशीनीबद्दल बोलून राह्यल्या मॅडम. फोनवर त्यांची बहीण हाय. जा आत, पण चपला इथंच काढजो."

आत खोलीच्या मधोमध स्टीलचं एक मोठं पात्र होतं. त्याला चहूबाजूंनी नळ्या आणि जाड काचेच्या खिडक्या होत्या. फोन ठेवून माझ्याकडे वळलेल्या बाई साठीच्या जवळ आलेल्या होत्या. सुती साडी, पदर पिन करून कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, हातात बांगडी नाही, नखं मुळापर्यंत कापलेली. मी फाईल पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. त्या माझ्याजवळ आल्या, थोड्या वाकल्या आणि त्यांनी माझ्या केसांचा वास घेतला.

"खोबरेल?"

मी मान हलवली.

"शिकेकाईनं धुवून उद्या येजो. मंग पाहू."

माझी मुलाखत एवढीच. मार्क किती, विषय कोणते, कुठून येतेस, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कोरडे केस घेऊन हिंगणघाटच्या बसमधून उतरले. त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला, हातमोजे दिले आणि म्हणाल्या, "आता ही तुही."

'ही' म्हणजे ती मशीन. मॅडम तिला नावानं कधी हाक मारत नसत. 'ती' म्हटलं की कॉलेजात सगळ्यांना कळायचं. "ती रुसली." "तिले आज बरं नाई." नवीन माणसाला वाटावं घरात कुणी म्हातारी आजारी आहे.

हे काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कुठलाही धातू आपल्याला चकचकीत दिसतो, पण आपण बघतो तो खरा त्याचा पृष्ठभाग नसतो. त्यावर हवेचा, वाफेचा, आपल्या श्वासाचा थर बसलेला असतो. अणूंची अगदी वरची रांग बघायची तर ती बंद पात्रात स्वच्छ करावी लागते, आणि ती स्वच्छ राहावी म्हणून आतली हवा काढावी लागते, जवळजवळ काहीच उरणार नाही इतकी. मग त्या धातूच्या स्फटिकावर, आमच्याकडे निकेलच्या छोट्या चकतीवर, इलेक्ट्रॉन सोडायचे, तेही हळू. वेगानं गेले तर खोल घुसतात. हळू गेलेले वरच्या दोन-चार थरांना शिवून मागे फिरतात, आणि ते वाटेल तसे फिरत नाहीत, ठरावीक दिशांनाच येतात. समोर एक पडदा असतो, त्यावर ते आपटले की हिरवे ठिपके उमटतात. ठिपक्यांच्या मांडणीवरून अणूंची मांडणी काढायची. अणू दिसत नाहीत. त्यांनी परत पाठवलेलं दिसतं.

मॅडमचं याबद्दल एक वाक्य होतं. "घर कसं हाय ते समजाले घरात जा लागत नाई. तिथून परत येणाऱ्याचं तोंड पाह्यचं."

मी इंग्लिश मीडियमची. आमच्या शाळेत मराठीत बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे, आणि घरी आई 'मले-तुले' बोलायची तेव्हा बाबा तिला हळूच दुरुस्त करायचे, पाहुण्यांसमोर तर हटकून. त्यामुळे मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. बी.एस्सी.ला असताना एका सरांनी माझ्यासमोरच दुसऱ्यांना सांगितलं होतं, हिला सगळं येतं पण ही सांगणार नाही. मॅडमच्या शेजारच्या लॅबमधल्या सरांनीही पहिल्याच महिन्यात तेच म्हटलं. मी काचेच्या पलीकडे नट पुसत होते, म्हणजे ऐकू येईल इतकी जवळ.

"मॅडम, ही पोरगी बोलतच नाही. व्हायव्हाला काय करणार?"

"बोलणाऱ्या बहुत हायेत तुमच्या डिपार्टमेंटात," मॅडम म्हणाल्या. "मले पाह्यणारी पायजे होती."

मला आजवर मिळालेल्या शेऱ्यांपैकी एवढाच मी आईला येऊन सांगितला. आई म्हणाली, "बाई वर्ध्याचीच दिसते."

बाई वर्ध्याचीच होती, आणि ते कुठेही लपवत नव्हती. परदेशात शिकून आलेल्या, तिथं काही वर्षं नोकरी केलेल्या. पण मोठ्या परिषदेतही बोलता बोलता 'का'च्या जागी एकदम 'काऊन' म्हणायच्या. एकदा जर्मनीतल्या कुणा जुन्या सहकाऱ्याशी व्हिडिओवर बोलत होत्या. तो म्हणत होता, तुमचे आकडे आमच्याशी जुळत नाहीत. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "यस यस, बट युवर व्हॅक्यूम कितना हाय? फर्स्ट टेल द व्हॅक्यूम, बावा, मंग आकडे." तो माणूस हसला आणि त्यानं आकडा सांगितला. त्याला 'बावा' समजलं नसेल. पण प्रश्न बरोबर समजला होता, कारण मग तो स्वतःचेच आकडे पुन्हा चाळायला लागला.

मशीन इथं कशी आली याची गोष्ट शिपाईकाका सांगायचे, आणि दर वेळी ती थोडी लांबायची. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेनं ती मोडीत काढली होती. मॅडमनी पत्रं लिहून, भांडून, ती फुकटात मिळवली. पण आणायला कुणी मिळेना, म्हणून स्वतः ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आल्या. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मागच्या खिडकीतून ओरडायच्या, "लागलं तं नाई तुले?" ड्रायव्हरला वाटलं मागे माणूस आहे. हिंगणघाटजवळ नाक्यावर ट्रक अडवला आणि आत काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा ड्रायव्हरच म्हणाला, "पेशंट हाय साहेब, सोडा लवकर."

माझं घर त्या हायवेपासून लांब नाही. मी तेव्हा शाळेत असेन. कदाचित त्या दिवशी मी शाळेच्या ऑटोत बसून त्याच रस्त्यावर कुठेतरी स्पेलिंग पाठ करत होते.

हवा काढायची तर पात्र नुसतं पंपाला लावून भागत नाही. स्टीलच्या भिंतींना पाण्याची वाफ चिकटून बसलेली असते, ती सोडवायला पात्र बाहेरून तापवावं लागतं, सलग, एक-दोन दिवस. त्याला मॅडम 'शेकणं' म्हणत. तापवायच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि वरून अख्ख्या यंत्राला ॲल्युमिनियमचा कागद लपेटायचा, आपण पोळ्या बांधतो तोच. मॅडम तो वापरलेला कागद फेकू देत नसत. सपाट करून, घडी घालून, पुढच्या वेळेला. शेकणं सुरू असलं की खोली भट्टी व्हायची आणि शेजारचे सर दारातून डोकावायचे.

"मॅडम, भरीत झालं का?"

"झालं. पण तुम्हाले देनार नाई. तुम्ही मागच्या खेपेले मीठ कमी म्हणले होते."

मे महिन्यात सगळं कॉलेज कूलरपुढे बसलेलं असताना मॅडम खूश असायच्या. "बाकीच्यांच्या देशात थंडी. आपल्या इथं निम्मं काम सूर्यच करते." हे शास्त्रीयदृष्ट्या फारसं बरोबर नव्हतं. मी बोलले नाही. तशी मी तेव्हा काहीच बोलत नसे, पण ते बरोबर नाही हे त्यांनाही माहीत असावं असं मला वाटतं.

वीज जाणं हा त्यांचा खरा शत्रू. पंप थांबला की आत हवा शिरायची भीती. तिथल्या लाइनमनचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सगळ्यात वर होता. "भाऊ, बंद करायच्या आधी मले एक फोन मारत जा. तुह्या पोरीच्या लग्नात मी नाचीन." त्यानं फोन मारले, आणि मॅडम नाचल्याही. मी स्वतः पाहिलं आहे. समुद्रपूरच्या एका मंगल कार्यालयात, कॅनव्हासचे बूट घालून, बँडच्या अगदी पुढे.

त्याच लाइनमनला, त्याच्या बायकोला, कॅन्टीनवाल्या काकूंना, दूधवाल्याला, सगळ्यांना त्यांनी एकेकदा आत आणून ठिपके दाखवले होते. नियम सगळ्यांना सारखे. चपला बाहेर, डोक्याला तेल नको, काचेला बोट लावायचं नाही. काकू काचेपाशी वाकल्या आणि लगेच म्हणाल्या, "वो माय, ही तं रांगोळी हाय!" मॅडमना ते इतकं आवडलं की पुढे प्रत्येक वर्गात त्या तेच सांगायच्या. "ठिपके निसर्ग देते, रेघा आपण ओढतो. चूक होते ती रेघेत. ठिपका कधी खोटा बोलत नाई."

आता मॅडमच्या बसण्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

पडद्यावर ठिपके आले की कुणीही फोटो घेतं, आकडे लिहितं आणि बीम, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत, बंद करतं. मॅडम तसं करत नसत. त्या खोलीतले सगळे दिवे घालवायच्या, पंखाही. स्टूल काचेपाशी ओढायच्या, कोपर गुडघ्यावर, हनुवटी मुठीवर, आणि बघत बसायच्या. इलेक्ट्रॉनचा झोत निकेलच्या त्या चकतीवर एकाच जागी पडत राहायचा आणि त्यांच्या चेहऱ्यावर हिरवा उजेड. चहा यायचा, गार व्हायचा. प्राचार्य एकदा दारात येऊन तसेच परत गेले. शेजारचे सर म्हणायचे, "मॅडम ध्यानाला बसल्या."

"ध्यान नाई, पाहून राह्यली. तुम्ही एका नजरेत पाह्यता म्हणून तुम्हाले एकच दिसते."

हे मला पटायचं. अजूनही निम्मं पटतं. त्यांच्या शेजारी बसून मी कितीतरी शिकले. व्होल्टेज वाढवलं की ठिपके मध्याकडे कसे सरकतात, एखादा कसा मधेच मंद होऊन पुन्हा उजळतो, पुसट उजेड म्हणजे पृष्ठभाग विस्कटलेला, टोकदार ठिपका म्हणजे अणू शिस्तीत. हे पुस्तकात होतं. पण पुस्तकात ते हळू घडत नाही.

मी मात्र एकटी असताना तशी बसायची नाही. अंधारात एकटीनं बसायला मला संकोच वाटायचा, कुणी आलं तर काय म्हणेल. मी बीम लावायची, फोटो घ्यायची, बंद करायची. मॅडम म्हणायच्या, "तुले घाई हाय. घरी दूध ठेवून आली काय गॅसवर?"

परवा त्यांचा फोन आला होता. मी आता दुसऱ्या शहरात, दुसऱ्या यंत्रावर काम करते. फोन उचलला की 'हॅलो' नाही, 'कशी आहेस' नाही. "व्हॅक्यूम कितना हाय?" मी सांगितला. "चांगला हाय," म्हणाल्या, "पण आणखी जाईल." मग बहिणीनं सांडगे केले आहेत, ते नेजो, असं सांगितलं. मग मशीनचा जुना पंप एकदाचा बदलला म्हणे, आता आवाज करत नाही, तर त्यांना तिथं गेल्यावर करमत नाही. निवृत्तीनंतरही त्या आठवड्यातून एकदा जातात. स्टूल तेच आहे.

पण मला जे सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, त्यांच्या शेवटच्या वर्षाचं.

त्या वर्षी आम्ही स्वच्छ निकेलवर अगदी थोडा कार्बन मोनॉक्साइड सोडत होतो आणि त्याचे रेणू पृष्ठभागावर कसे बसतात ते बघत होतो. हे काम जगात पुष्कळांनी केलेलं. नवीन काही मिळेल अशी अपेक्षा नव्हती. पण एका सकाळी मी बसमधून उतरून आले तर मॅडम दारातच उभ्या.

"चाल लवकर. नवीन पोट्टे आले."

पडद्यावर नेहमीचे ठिपके होते, आणि त्यांच्या मधोमध, बरोबर अर्ध्या अंतरावर, फिकट नवे. म्हणजे पृष्ठभागावर काहीतरी नवी मांडणी तयार झालेली. इतक्या कमी गॅसमध्ये अशी मांडणी कुणी दाखवली नव्हती. मॅडमनी जर्मनीला फोन केला. पेढे आणले, आणि ते यंत्रापासून लांब, कॉरिडॉरमध्ये वाटले.

तेव्हा कॉलेजात दुसरीच एक गोष्ट शिजत होती. मॅडम निवृत्त होणार, मग हे यंत्र कोण चालवणार? मोठ्या शहरातल्या एका संस्थेनं ते मागितलं होतं. तिथले लोक येऊन बघून ठरवणार होते. इथं खरंच काही काम होतं आहे, असं दिसलं तर ते राहील. नाहीतर ट्रक येईल. शिपाईकाका दोनतीनदा म्हणाले, "गेली तं मॅडम जगणार नाई."  मॅडम स्वतः फक्त एकदा, शेकायचे कागद घडी घालताना, म्हणाल्या, "मह्याकून नेतील तर नेतील. पण काऊन नेतील? आता तं तिनं हे दाखवलं." आणि मांडीवरचा कागद उगाच पुन्हा पुन्हा सपाट करत राहिल्या.

मला ते नवे ठिपके कधी मिळाले नाहीत.

मी एकटी असले की पडद्यावर नेहमीचेच. तेवढाच गॅस, तेच तापमान, तेच व्होल्टेज. मला वाटलं मीच चुकते आहे. मॅडमही म्हणाल्या, "हात बसला नाई अजून." मी दोन दिवस सगळं परत तपासलं आणि तिसऱ्या दिवशी आणखी सावकाश केलं. नाही. मॅडम येऊन बसल्या की येत. माझी खात्री झाली की हे काम हाताचं असतं आणि माझा हात तसा नाही. काही लोकांच्या हातचं लोणचं टिकतं, काहींचं नाही, तसं.

त्या संस्थेची मंडळी यायच्या आदल्या दिवशी मॅडम सकाळी पवनारला एका नातेवाइकांकडे गेल्या होत्या. दुपारी तिकडून आल्या, हातमोजे चढवले, दिवे घालवले. मी त्यांच्या मागे उभी होते आणि पहिल्यांदाच मी ठिपक्यांऐवजी वेळ बघत होते. घड्याळात नव्हे. नुसतं, कधी काय होतं ते.

बीम लागला. नेहमीचे ठिपके आले. मधे काही नव्हतं. मॅडमनी हनुवटी मुठीवर टेकली. चहा आला. चहावर साय धरली. आणि मग, ओल्या भिंतीवर डाग उमटतो तसे, हळूहळू, मधले ठिपके वर आले.

"आले पोट्टे," मॅडम म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. त्याच वेळी त्या वळून म्हणाल्या, "तू डबा खाल्ला काय वो? चेहरा पाहा कसा झाला." मी हो म्हटलं आणि बसस्टँडवर निघून आले.

बसमध्ये मी विचार करत होते. इलेक्ट्रॉन हळू असला तरी इलेक्ट्रॉनच. एका जागी पडत राहिला तर रेणू तोडू शकतो. कार्बन मोनॉक्साइड तुटला की ऑक्सिजन निघून जाईल आणि कार्बन तिथंच राहील, आणि तोही शिस्तीत बसू शकेल. हे खरं असेल तर ठिपके फक्त त्या जागेवर असतील जिथं झोत पडत होता. स्फटिक एवढासा बाजूला सरकवला, ताज्या जागेवर झोत पाडला, तर ते नसतील. तपासायला एक स्क्रू फिरवायचा. पण तो स्क्रू फक्त मॅडम फिरवायच्या. पूर्वी कुणीतरी जोरात फिरवला आणि स्फटिकाला धरणारी तार तुटली होती, त्यासाठी पात्र उघडावं लागलं, मग पुन्हा सगळं शेकणं. तेव्हापासून त्या स्क्रूला त्यांच्याशिवाय कुणाचा हात नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसनं आले. मॅडम माझ्याही आधी. पाहुण्यांना ठिपके ठळक दिसावेत म्हणून त्या सकाळपासून बीम लावून बसल्या होत्या.

दुपारी ते तिघं आले. दोन सर आणि त्यांच्याबरोबर एक तरुण मॅडम. मागे प्राचार्य, दारात शेजारचे सर. चपलांचा ढीग झाला. पाहुण्यांपैकी वयस्कर सरांच्या केसांचा वास मॅडमनी घेतलाच. ते दचकले, पण हसले. मला दिव्याच्या बटणापाशी उभं केलं होतं. माझं काम तेवढंच, सांगतील तेव्हा दिवा घालवायचा आणि सांगतील तेव्हा लावायचा.

मी दिवा घालवला. हिरवा उजेड आला. मधले ठिपके इतके ठळक होते की काच न पुसताही दिसावेत. प्राचार्य "वा" म्हणाले. मॅडमनी रांगोळी सांगितली, मग अर्ध्या अंतराचं सगळं गणित सांगितलं, न अडखळता, आणि त्यांचा आवाज असा होता की मी पूर्वी तो कधी ऐकला नव्हता. आर्जवी होता. तरुण मॅडम काचेच्या फार जवळ वाकल्या होत्या. वयस्कर सरांनी विचारलं, "हे तुम्ही प्रसिद्धीला पाठवताय?"

"पुढच्या आठवड्यात," मॅडम म्हणाल्या. "मह्या शेवटच्या पेपरात."

कुणीही मला काही विचारलं नव्हतं. कुणी विचारणारही नव्हतं. जगात जिथं कुठं हा पेपर पोचेल तिथं कुणीतरी घाईत असलेली मुलगी बीम लावून लगेच बंद करेल, आणि तिला हे ठिपके मिळणार नाहीत. मग लोक मॅडमच्या नावावर हसतील, आणि मॅडमना ते कशामुळे ते कधी कळणार नाही. यंत्र राहावं असं मलाही वाटत होतं. ते खोट्या ठिपक्यांवर राहू नये असंही वाटत होतं.

मी बटणापासून निघाले, त्या तिघांच्या मधून गेले, आणि तो स्क्रू धरून हलक्या हातानं फिरवला.

"ए पोट्टी! काय करून राह्यली!"

मधले ठिपके गेले.

 धाकटे सर म्हणाले, "अलाइनमेंट हललं. असं होतं कधीकधी." प्राचार्य माझ्याकडे बघत होते आणि मला ते न बघताही समजत होतं. मी हात मागे घेतला नाही.

मॅडमनी कपाळ जवळजवळ काचेला लावलं. स्वतःचाच नियम त्या विसरल्या होत्या.

"नाई," त्या हळू म्हणाल्या. "अलाइनमेंट हललं असतं तर मोठेही हलले असते. मोठे जागेवरच हायेत."

त्यांनी माझा हात बाजूला केला, रागानं नाही, आणि स्क्रू स्वतः मागे फिरवला. ठिपके आले. पुढे फिरवला, गेले. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. त्या पाहुण्यांना विसरल्या. प्राचार्यांना, पेपराला, सगळ्यांनाच विसरल्या असाव्यात. आर्जव कुठल्या कुठे गेलं होतं. पुन्हा त्यांचा नेहमीचा आवाज आला, फोनवर जर्मनीला विचारतात तो.

"मंग हे काऊन जातात?"

वयस्कर सर काहीतरी सांगायला लागले, तापमानाबद्दल. मॅडमनी त्यांच्याकडे न बघता एक हात वर केला आणि ते थांबले. त्या माझ्याकडे वळल्या. हिरव्या उजेडात त्यांचे डोळे मला नीट दिसले. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

 माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला.

"ते तिथं नव्हतेच, मॅडम. बीमनं गॅस तुटतो आणि कार्बन मागे राहतो. आपण जिथं बघत बसतो तिथंच येतात ते, पाहून पाहून आपणच आणले. आता बीम बंद करा, आणि मी सांगेपर्यंत लावू नका."